चार ऋतूंच्या ओढीने व्हरमाँटला राहायला जायचंय? घर नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये बघा

ऋतुचक्र (धागाकर्ती)

दर ऑक्टोबरात इथे कुणीतरी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यातल्या पानगळीचे फोटो टाकतं आणि खाली तोच सूर लागतो: कायमचं इथेच राहायला मिळालं तर! टेक्सासमध्ये एसीत, नाहीतर बे एरियात बारा महिने एकाच जाकिटात वावरणाऱ्यांना चारही ऋतू अंगावर घ्यावेसे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. ओढ मनापासूनची असेल तर ती पुरी करावी, असंच माझं मत आहे. फक्त त्याची तयारी ऑक्टोबरात करता येत नाही. म्हणून हा धागा. घर, रस्ता, लाकूड, पाणी, माती यांबद्दल ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहावं.

रंग सप्टेंबरच्या अखेरीस उत्तरेकडच्या नॉर्थईस्ट किंगडममध्ये आणि उंच डोंगरांवर सुरू होतात. तिथून खाली दऱ्यांत उतरत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दक्षिणेला ब्रॅटलबरोकडे पोचतात. एका गावात ऐन बहर जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकतो. तेवढ्यात बघितलेल्या घरात उरलेलं सगळं वर्ष काढायचं असतं.

तिथले लोक नेहमीच्या चार ऋतूंखेरीज आणखी दोन मोजतात. पानं गेली पण बर्फ अजून आला नाही, असा नोव्हेंबर म्हणजे स्टिक सीझन. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत मड सीझन. घर बघायला जायचं ते याच दोन काळांत. नोव्हेंबरात झाडं उघडी असतात, त्यामुळे शेजारचं घर आणि हमरस्ता खरोखर किती जवळ आहे ते दिसतं. डोंगराआड सूर्य कधी जातो तेही कळतं. डिसेंबरच्या सुरुवातीला बर्लिंग्टनला सव्वाचारच्या सुमारास सूर्यास्त होतो. अरुंद दरीतल्या घरावरचं ऊन त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. दक्षिणेला तोंड असलेलं, उतारावरचं घर आणि उत्तर उतारावरचं घर यांत जानेवारीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो: इंधनात, ड्राइव्हवेवरच्या बर्फात आणि मनःस्थितीतही. ज्यांना अंधाराचा त्रास होतो त्यांनी ऑक्टोबरपासूनच सकाळी २०-३० मिनिटं १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायची सवय लावावी. डिसेंबर उजाडायची वाट बघू नये.

हे राज्य इतकं देखणं राहिलं त्यामागे कायदे आहेत. १९६८ साली रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर बंदी आली, १९७० साली जमीन-विकासावर लगाम घालणारा ॲक्ट २५० आला. नवी घरं तिथे कमीच बांधली जातात आणि विक्रीला येतात त्यांतली बरीचशी जुनी, लाकडी असतात. फोटोत ती सुंदरच दिसतात, पण त्यांच्या भिंतीत काय आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायवाट

उत्तम धागा. माझ्या मते घराआधी रस्ता बघावा.

व्हरमाँटमधले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. गावाच्या रस्त्यांचे वर्ग ठरलेले असतात. वर्ग ३ पर्यंतचा रस्ता वर्षभर गाडी जाईल असा ठेवणं ही गावाची जबाबदारी असते. वर्ग ४ च्या रस्त्यावर हिवाळ्यात गावाचा बर्फ हटवणारा नांगर येईलच असं नाही, बहुतेक ठिकाणी येत नाहीच. जाहिरातीत 'एकांत, दाट झाडी' असं लिहिलेलं घर वर्ग ४ वर असेल तर सगळा बर्फ तुमच्या गळ्यात. टाउन क्लार्कच्या कचेरीत रस्त्यांचा नकाशा मिळतो, तो बघूनच किमतीचं बोला.

आता मड सीझन. हा नुसता पावसाळी चिखल नव्हे. हिवाळ्यात रस्त्याखालची जमीन तीन-चार फूट किंवा त्याहूनही खोल गोठते. मार्चमध्ये ऊन तापलं की वरचा थोडा थर सुटतो, खालचा तसाच दगड असतो. वितळलेल्या पाण्याला खाली मुरायला वाट नसते, ते वरच्याच मातीत साचतं आणि गाड्यांच्या वजनाने खोल चाकोऱ्या पडतात. चाकोरी गाडीच्या पोटाखालच्या उंचीपेक्षा खोल गेली की गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं आणि चाकं नुसती फिरत राहतात. ऑल व्हील ड्राइव्हचा तिथे फायदा नाही, कारण अडचण पकडीची नसून उंचीची असते.

चालवायचं कसं: रात्री रस्ता पुन्हा गोठतो, म्हणून शक्य ती कामं सकाळी लवकर उरका. चाकं चाकोरीत न घालता एका बाजूची मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेर ठेवा. वेग कमी पण सलग. मध्येच थांबलात की रुतलात. अगदी कडेलाही जाऊ नका, कड सगळ्यात मऊ असते.

नवे लोक फसतात ते दुसऱ्याच गोष्टीत. या दिवसांत गावं कच्च्या रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदीचे फलक लावतात. म्हणजे घर तापवायच्या तेलाचा टँकर, प्रोपेनची गाडी, लाकडाचा ट्रक आणि तुमच्या सामानाचा मोठा ट्रक, सगळेच अडतात. त्यामुळे तेलाची टाकी मार्चच्या सुरुवातीलाच भरून घ्या. घराचा ताबा एप्रिलमध्ये मिळत असेल तर सामान डांबरी रस्त्यावरच्या गोदामात ठेवून मेच्या मध्यानंतर हलवा, किंवा सप्टेंबर गाठा.

लाकूडफाटा

पायवाट यांच्याशी पूर्ण सहमत. उबेबद्दल मी लिहितो.

लाकूड कॉर्डवर विकलं जातं. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट × ४ फूट × ८ फूट, १२८ घनफूट, नीट रचलेलं. 'ट्रकभर' अशा मापाने घेऊ नका. मध्यम घर मुख्यतः लाकडावर तापवायचं तर हिवाळ्याला ४ ते ६ कॉर्ड धरून चला. जुन्या, फटी असलेल्या घराला जास्त. शुगर मेपल, बीच, ॲश, यलो बर्च ही चांगली लाकडं. पाइन लवकर पेटतं आणि लवकर संपतं.

यंदा तोडलेलं लाकूड यंदा जाळायचं नाही. ओंडके फोडून, जमिनीपासून वर, बाजूंनी वारा लागेल असे रचा, फक्त माथा झाका. एक उन्हाळा तरी पूर्ण जाऊ द्या, ओकला दोन. ओलावा मोजायचं लहान यंत्र मिळतं. ओंडका पुन्हा फोडून आतल्या ताज्या बाजूवर लावा, २० टक्क्यांच्या खाली हवं. बाहेरच्या बाजूवर लावलं तर आकडा फसवा येतो. ओलं लाकूड धुमसतं, धूर गार चिमणीत क्रिओसोट (डांबरासारखा ज्वलनशील थर) होऊन चिकटतो, आणि एक दिवस तोच पेट घेतो. चिमणी दरवर्षी साफ करून, तपासून घ्यायची, यात तडजोड नाही. आणखी एक: बाहेरच्या राज्यातून जळण आणू नका. ॲशची झाडं मारणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा २०१८ साली व्हरमाँटमध्ये सापडला आणि तो अशा लाकडातूनच दूरवर पोचतो.

तेलावरच्या घरात टाकी सहसा २७५ गॅलनची असते. ती तळघरात आहे की बाहेर, हे बघा. बाहेरच्या टाकीतलं साधं तेल कडक थंडीत घट्ट होऊन नळी आणि फिल्टर तुंबतात, भट्टी नेमकी सर्वांत थंड रात्री बंद पडते. अशा टाकीत केरोसीन किंवा केरोसीन मिसळलेलं तेल भरून घ्यावं लागतं. पुरवठादाराला 'टाकी बाहेर आहे' हे स्वतःहून सांगा.

नव्याने_विचारतोय

आता थंड प्रदेशासाठीचे हीट पंप निघालेत ना? तो बसवला तर लाकूड, तेल सगळं टाळता येईल का?

लाकूडफाटा

हीट पंप जरूर बसवा, चांगले पंप शून्य फॅरनहाइटच्या खालीही चालतात. पण पारा जितका खाली, तितकी त्यांची क्षमता कमी, आणि नेमकी तेव्हाच घराची गरज वाढलेली असते. दुसरं म्हणजे वीज. जानेवारी १९९८ च्या आइस स्टॉर्ममध्ये शँप्लेन खोऱ्यात तारा आणि झाडं बर्फाच्या वजनाने कोसळली आणि अनेक घरं कित्येक दिवस अंधारात होती. ओल्या, जड बर्फात आजही वीज जाते. विजेशिवाय चालणारी एक शेगडी घरात असू द्या आणि तिच्यापुरतं एक-दोन कॉर्ड लाकूड.

पंपाच्या आधी पैसे घालायचे ते घर बंदिस्त करण्यात. ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या. यात दारात पंखा लावून घरातली हवा बाहेर खेचतात, मग फटी कुठे आहेत ते हाताला कळतं. सर्वांत जास्त गळती माळ्याच्या जमिनीतून होते: दिव्यांची भोकं, चिमणीच्या भोवतालची जागा, माळ्याचं झाकण. आधी त्या फटी बुजवायच्या, मग वर इन्सुलेशन, आर-४९ ते आर-६० इतकं (आर म्हणजे ऊब अडवण्याचं माप). क्रम उलटा केला तर गरम हवा इन्सुलेशनमधून वर जातच राहते.

मोरपीस

याच कारणाने छतावर आइस डॅम होतो. माळ्यातली ऊब छताचा वरचा बर्फ वितळवते, पाणी खाली वळचणीला येतं, तिथे छत थंड असल्याने पुन्हा गोठतं. त्या बांधामागे पाणी साचून शिंगल्सच्या (छतावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांच्या) खालून भिंतीत उतरतं. वळचणीला जाड, लांब हिमसुया लटकलेल्या दिसल्या की समजावं, त्या घराची ऊब छतातून निसटते आहे. हातोडीने बर्फ फोडू नका, शिंगल्स फुटतात. लांब दांड्याचा रूफ रेक घेऊन जमिनीवर उभं राहून खालचे तीन-चार फूट मोकळे करा. फेब्रुवारीत घर बघायला गेलात तर वळचणीचा आणि आतून त्याच्या खालच्या छताच्या कोपऱ्याचा फोटो घ्या; तपकिरी डाग असेल तर विक्रेत्याला विचारा.

हिवाळ्याच्या बाकी गोष्टी भराभर लिहिते:

घर सोडून कुठे गेलात तर थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली आणू नका. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची कपाटं कडक थंडीत उघडी ठेवा, नळ बारीक धारेने चालू.

भट्टीचा आणि ड्रायरचा भिंतीतून बाहेर येणारा पाइप प्रत्येक वादळानंतर मोकळा करा. तो बर्फाखाली गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. प्रत्येक झोपायच्या जागेजवळ डिटेक्टर हवा.

ड्राइव्हवेच्या कडेच्या खुणेच्या काठ्या नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या आत रोवा. बर्फ काढणाऱ्याशी करारही सप्टेंबर-ऑक्टोबरातच करा. पहिलं वादळ झाल्यावर कुणी नवं गिऱ्हाईक घेत नाही.

विंटर टायर चार घ्या, दोन नव्हे. डोंगराच्या तीन शिखरांत हिमकणाचं चिन्ह हवं. ४५ फॅरनहाइटच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं, म्हणून ते बर्फ पडायची वाट न बघता नोव्हेंबरच्या सुरुवातीला चढवा. ऑल व्हील ड्राइव्हने गाडी निघते. थांबते ती टायरने.

कागद_आधी

आयटीतल्या मंडळींसाठी महत्त्वाचं. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर घर शोधण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. मंजुरी कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते. घरूनच काम करत असलात तरी नवी जागा सध्याच्या महानगर क्षेत्राबाहेर असेल तर नवा एलसीए (कामगार खात्याकडून कंपनीने मंजूर करून घ्यायचा अर्ज) आणि सुधारित व्हिसा-अर्ज लागतो, आणि तो हलण्याआधी दाखल झालेला हवा. कंपनीची व्हरमाँटमध्ये पगार आणि कर भरायची नोंदणी आहे का, तेही विचारा.

बर्लिंग्टनहून माँट्रिऑल दोनेक तासांवर आहे, भारतीय किराण्यासाठी मोठी सोय. पण ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि परतताना आणलेले सगळे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. न्यू इंग्लंड मराठी मंडळाचे कार्यक्रम बॉस्टनकडे होतात, तिथवर साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे. गणपतीला एकटं वाटू नये म्हणून हे अंतर आधीच लक्षात घ्या.

फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला फार थांबावं लागतं, हलायच्या आधीच फोन करा. मोठं रुग्णालय म्हणजे बर्लिंग्टनचं यूव्हीएम मेडिकल सेंटर किंवा नदीपलीकडे न्यू हॅम्पशरमधल्या लेबनॉनचं डार्टमथ हिचकॉक. घरापासून तिथवर जानेवारीत किती वेळ लागेल, हा हिशोब वय झालेल्या आई-वडिलांना बोलावणाऱ्यांनी नक्की करावा.

विहिरीचं_पाणी

गावाबाहेर घर म्हणजे स्वतःची विहीर आणि स्वतःचा सेप्टिक. विहिरीचं पाणी नितळ दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. तिथल्या खडकातून आर्सेनिक आणि युरेनियम पाण्यात येऊ शकतं, त्याला चव नाही, वास नाही. राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला असा: जिवाणूंची तपासणी दरवर्षी, धातू वगैरेंची आणि किरणोत्साराची दर पाच वर्षांनी. खरेदीच्या करारात ही तपासणी अट म्हणून घाला. तळघरात रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायूही मोजा, लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर असेल तर पाइप आणि पंखा बसवून काढता येतो.

सेप्टिकचा परवाना बेडरूमच्या संख्येवर असतो. जाहिरातीत चार बेडरूम आणि परवाना तीनचा, असं असेल तर तीनच धरा. टाकी तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते.

आणि नदी. ओढ्याकाठचं घर सर्वांत सुंदर दिसतं आणि तेच सर्वांत धोक्याचं. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाने, मग जुलै २०२३ मध्ये राजधानी माँटपेलिअरपर्यंत, आणि बरोबर वर्षाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा पूर आले. डोंगरातल्या नद्या नुसत्या भरत नाहीत, काठ कापत पात्र बदलतात. म्हणून फेमाचा (केंद्रीय आपत्ती-संस्थेचा) पूरनकाशा पुरेसा नाही. तो पाणी कुठवर चढेल ते दाखवतो, काठ कुठवर जाईल ते नाही. त्यासाठी राज्याचा रिव्हर कॉरिडॉर नकाशा वेगळा आहे, तो बघा.

सई_बागेत

हिवाळ्यावर बरंच झालं, आता बाकीचं वर्ष!

साखरेचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. रात्री गोठण्याच्या खाली आणि दिवसा वर, अशी चढ-उतार असेल तरच मेपलचा रस वाहतो. अंगणात शुगर मेपल असेल आणि खोडाचा व्यास १०-१२ इंच असेल तर एक भोक पाडा: ५/१६ इंचाचं, दीड ते दोन इंच खोल, किंचित वरच्या दिशेने. रसात साखर साधारण २ टक्के, म्हणजे एक गॅलन सिरपला ४० गॅलनच्या आसपास रस. आटवायचं बाहेरच, काकवीच्या काहिलीइतकी वाफ स्वयंपाकघरात सोडली तर भिंतींचा कागद सुटतो. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा ७ फॅरनहाइट वर गेलं की सिरप झालं. थर्मामीटर त्याच दिवशी उकळत्या पाण्यात घालून शून्य ठरवा, हवेच्या दाबाने उकळबिंदू बदलतो. झाडाच्या कळ्या फुगल्या की थांबा, त्यानंतरच्या रसाला उग्र चव येते.

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्या-शेवटापर्यंत ब्लॅक फ्लाय. वाहत्या स्वच्छ पाण्यात वाढणारी, दिवसा चावणारी माशी. फिकट रंगाचे लांब बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर जाळी, दुसरा उपाय नाही. गोचिडी त्याहून गंभीर. पारा ४० फॅरनहाइटच्या वर गेला की त्या हलायला लागतात, म्हणजे नोव्हेंबरातही. गवतातून आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, केसांत तपासा. बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, काडी, मेणबत्ती काही नको. लवकर काढली तर लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराचा धोका बराच कमी होतो.

वाफ्याचं: रोपं करपवणारं शेवटचं गोठलेलं दव (फ्रॉस्ट) मेअखेरपर्यंत येतं, पहिलं सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मेथी मेच्या मध्यात टाका, महिन्याभरात हाताशी येते. कोथिंबीर मेमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. जुलैच्या उन्हात लगेच फुलावर जाते. भेंडी एप्रिलअखेर घरात, कागदी कुंड्यांत, बी रात्रभर भिजवून. मुळं हललेली तिला सोसत नाहीत, म्हणून कुंडीसकट जूनच्या मध्यात, माती कोमट झाल्यावर, काळ्या प्लास्टिकच्या आच्छादनात लावा. मेमध्ये घाई केली तर रोप पिवळं पडून बसून राहतं. कढीपत्ता कुंडीतच, आणि रात्रीचा पारा ५० फॅरनहाइटच्या खाली जाऊ लागला की घरात, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला. हिवाळ्यात पानं गळतात, तेव्हा पाणी कमी करा, खत बंद. मार्चमध्ये फूट येते.

पानकळा

सईताई, छान लिहिलंत. पानगळीबद्दल थोडं. पिवळा रंग पानात असतोच, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र पान शरदात नव्याने तयार करतं, अडकलेल्या साखरेपासून. त्यामुळे दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारी थंडी नाही, अशा वर्षी लाल उठून येतो. ढगाळ, कोमट सप्टेंबर गेला तर पिवळ्या-तपकिरीवर समाधान मानावं लागतं. उन्हाळा कोरडा गेला तर पानं लवकर गळतात. राहायला गेलेल्यांचा खरा फायदा असा की एका शनिवारवर सगळं अवलंबून राहत नाही. डोंगरमाथा आधी, दरी नंतर, आणि सर्वांत शेवटी टॅमरॅकची सुईपानं पिवळीधम्मक होतात, तेव्हा पर्यटक गेलेले असतात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून सोळा दिवस बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. रानात फिरताना भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घाला, कुत्र्यालाही.

नव्याने_विचारतोय

सगळ्यांचे आभार. लगेच घर न घेता एक वर्ष भाड्याने राहून बघायचं तर कुठून सुरुवात करावी?

ऋतुचक्र

स्टोसारख्या स्कीच्या गावांत हिवाळी भाडं फार चढं असतं, ते टाळा. लेक शँप्लेनच्या काठची बरीच घरं उन्हाळ्यात पर्यटकांना आणि सप्टेंबर ते मे भाडेकरूंना देतात. तेवढ्या मुदतीत पानगळ, स्टिक सीझन, हिवाळा आणि मड सीझन सगळं येतं. करार करण्याआधी घरमालकाला चार गोष्टी लेखी विचारा: घर खरोखर हिवाळ्यासाठी बांधलेलं आहे की उन्हाळी कॉटेजला हीटर लावलाय, इंधन भाड्यात धरलंय का, बर्फ कोण काढणार, आणि मागच्या हिवाळ्यात किती गॅलन तेल किंवा किती कॉर्ड लाकूड लागलं. चौथ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आलं नाही तर तेलाच्या पावत्या मागा.